२७ वह्यांतलं एकच ‘समरपक’

पत्र असं आहे:

‘ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी अनुदानित शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवतो. नोकरीचं दुसरंच वर्ष. नववीत ३८ पोरं आहेत. मागच्या आठवड्यात कवितेच्या रसग्रहणाच्या वह्या तपासायला घेतल्या, तर २७ वह्यांत पहिलं वाक्य एकच: “कवीने अतिशय समरपक शब्दांत भाव व्यक्त केला आहे.” समर्पक नाही, समरपक! म्हणजे एकानं गाईडमधून उतरवताना चूक केली आणि बाकी २६ जणांनी चुकीसकट उतरवलं. “स्वतःच्या मनानं लिहा” म्हटलं की वह्या कोऱ्या येतात. भित्तिपत्रक किंवा हस्तलिखित सुरू करावं असं डोक्यात आहे, म्हणजे एकमेकांचं वाचून तरी लिहितील. पण मुख्याध्यापक म्हणतात, आधी निकालाचं बघा. शिवाय पोरं वऱ्हाडीत लिहितात, ते भिंतीवर तसंच लावायचं का? आणि मुली नाव लावायला तयार नाहीत. काय करू?
एक मराठीचा मास्तर’

सर,

तुमचं ‘समरपक’ वाचून आधी मी मोठ्यानं हसले, मग गप्प झाले. माझ्या शाळेत असाच एक ‘अलंकरित’ फिरत होता. मोठ्या भावाची वही धाकट्याला मिळायची, त्यामुळे तो शब्द वारसाहक्कानं तीन वर्षं टिकला.

त्या २७ जणांवर रागावू नका. आपण शिकवलं तेच त्यांनी केलं. रसग्रहणाला ४ गुण. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे खण आपणच पाडून दिलेले. खण भरले की गुण पडतात, मग आत काय भरलंय याची चौकशी कोण करतं? त्याहून गंमत कृतिपत्रिकेतल्या, म्हणजे परीक्षेच्या पेपरातल्या, ‘स्वमत’ची. एका पोराला मी विचारलं होतं, ‘हे तुझं स्वतःचं मत आहे का रे?’ तो छाती पुढे काढून म्हणाला, ‘हो मॅडम, रात्रीच पाठ केलं.’

आता थोडं कडू. तुम्ही वह्या ‘तपासायला’ घेतल्या असं लिहिलंय. मीही वर्षानुवर्षं तपासतच होते. ऑफ तासाला स्टाफरूममध्ये गठ्ठा पुढ्यात, हातात लाल पेन, पानाच्या कडेला बरोबरची खूण, खाली सही आणि तारीख. एका वर्षी एका पोट्ट्यानं रसग्रहणाच्या मधोमध घरच्या फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा मजकूर उतरवला होता: ‘पाण्यात मिसळून वाऱ्याच्या दिशेने फवारावे.’ मी त्यावर खूण केली आणि सही ठोकली. ती वही चार दिवसांत गावभर फिरून आली. मला फार राग आला होता. पण त्या पोरानं केलं काय? आपलं लिहिलेलं कोणी वाचतं का, हे त्यानं तपासून पाहिलं. माझ्यापेक्षा त्याची तपासणी चोख निघाली.

तेव्हा भित्तिपत्रकाला माझा होकार आहे. फक्त आपल्याकडे ज्याला भित्तिपत्रक म्हणतात ते करू नका. ते तुम्हीही पाहिलं असेल. २७ फेब्रुवारीच्या आदल्या दिवशी चार्टपेपर येतो. वर्गातल्या सुंदर अक्षरवाल्या दोन मुली त्यावर गाईडमधलाच मजकूर स्केचपेननं उतरवतात, कोपऱ्यात समई काढतात, संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन होतं, फोटो निघतो. मग तो कागद पुढच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत पिवळा पडत लटकत राहतो. हस्तलिखिताचं तर विचारूच नका. ते कपाटात आणि कपाटाची किल्ली ऑफिसातल्या बडे बाबूंकडे. दोन्हीकडे लिहिणारा एक आणि वाचणारा कोणीच नाही.

मला जमलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे, आणि खरं सांगायचं तर ते ठरवून झालं नाही. पावसाळ्यात व्हरांड्याच्या भिंतीला ओल आली. खळीनं चिकटवलेले कागद गळून पडायला लागले आणि खळीवर मुंग्या. म्हणून मी खिडकीच्या गजापासून खांबापर्यंत सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. कागद म्हणजे जुन्या कृतिपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजू आणि कॅलेंडरची पानं. कागद असा हलका, कधीही काढता-लावता येणारा झाल्याबरोबर पोरांची भीड चेपली. चार्टपेपरवर कोणी खाली काही लिहित नाही, तो खराब होईल अशी धास्ती असते. कॅलेंडरच्या पानाची कसली धास्ती?

दुसरा योगायोग जागेचा. आमची शाळा पाचवी ते दहावी. पोषण आहार आठवीपर्यंतच, म्हणजे नववी-दहावीला खिचडी नाही. पण खिचडीची रांग नेमकी त्या व्हरांड्यातून जायची. हातात ताट, पुढे वीस-पंचवीस जण, दुसरं करायला काही नाही. नववीच्या पोरांनी लिहिलेलं पाचवी-सहावीची लेकरं ताटावर बोटं वाजवत वाचायची. एवढा बांधलेला वाचक मोठमोठ्या मासिकांनाही मिळत नसेल. तुमच्याही शाळेत अशी एक जागा असेलच, पाण्याच्या टाकीजवळ नाहीतर सायकली लावतात तिथे. स्टाफरूमच्या आणि ऑफिसच्या भिंतीपासून मात्र लांब राहा. तिथे पोरं वाचत नाहीत, फक्त घाईनं जातात.

त्या सुतळीवर काय घडलं ते एकदा सविस्तर सांगते, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

बहिणाबाईंच्या ओळी सगळ्यांनाच पाठ असतात:

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर

गाईडात याचं उत्तर ठरलेलं आहे. संसारातील कष्ट, सुखदुःख, समर्पक दृष्टान्त, वगैरे. मी त्या दिवशी आशय विचारलाच नाही. एका कागदावर एवढंच लिहून टांगलं: ‘भाकर करताना चटका नेमका कधी बसतो? घरी विचारून या.’ 

दुसऱ्या दिवशी एका मुलीचा कागद लागला. चारच ओळी: ‘चटका थापताना बसत नाही, परतताना बसते. म्हणजे भाकर आधी तव्यावर पडते, मंग चटका. बहिणाबाईनं उलटं सांगितलं.’ त्याखाली दुसरीनं: ‘तुया घरी सराटा आहे. माही माय हातानंच परतते, तिले इचार.’ (सराटा म्हणजे आपलं उलथणं.) तिसरीनं: ‘चूल पेटोतानाच चटका बसते, भाकर तं लांबच राह्यली.’ दोन दिवस नुसतं हेच. कोणाची आई ज्वारीची भाकर कशी परतते, गॅसवर चटका बसतो की नाही, चुलीत ओली तुऱ्हाटी, म्हणजे तुरीच्या काड्या, लावली तर काय होतं. शेजारच्या वर्गाचे सर मला म्हणाले, ‘मॅडम, मराठीचा तास आहे का गृहविज्ञानाचा?’

तिसऱ्या दिवशी एका हुशार पोरानं सगळ्यांना गप्प करायला लिहिलं: ‘चटके खरे नाहीत. ते दुःखाचे आहेत. गाईडमध्ये दिलं आहे.’

आणि त्याखाली पहिल्या मुलीनं: ‘दुःखाचे आहेत तं हाताले काऊन म्हटलं? मनाले म्हटलं असतं.’

सर, मी कवितेत प्रतिमा कशी काम करते हे फळ्यावर आखून शिकवलेलं आहे. उपमेय, उपमान, साधर्म्य. पण ‘हातालाच का’ हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता. त्या प्रश्नाला दोन दिवस कोणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही, आणि ते सोपं नव्हतं, जीभ वळवळत होती. शेवटी खिचडीच्या रांगेतल्या सातवीच्या एका लेकरानं पेन्सिलीनं, तेलकट बोटांचे ठसे उमटवत, खाली लिहिलं: ‘हाताचा चटका दुसऱ्या दिवशी भाकर थापतानी पुन्हा दुखते.’

बस. त्याच कागदावरून मी शनिवारी सकाळच्या शाळेत रसग्रहण घेतलं. फळ्यावर पोरांचीच वाक्यं लिहिली आणि म्हटलं, आता हे परीक्षेच्या भाषेत करू. कवयित्रीनं दुःखाचं नाव न घेता चटका दाखवला, मनाऐवजी हात निवडला, कारण काम हातालाच करायचं असतं आणि काम रोज करायचं असतं, म्हणून कालचा चटका आजही लागतो. आशय आला, काव्यसौंदर्य आलं, भाषिक वैशिष्ट्यही आलं. तिन्ही खण भरले, आणि प्रत्येकानं थोडं वेगळं भरलं, कारण कोणाला सराटा आठवला, कोणाला तुऱ्हाटी. मुख्याध्यापकांना दाखवायला हेच पान न्या. ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत गद्य १८, पद्य १६, उपयोजित लेखन २४. यातली स्वमत, रसग्रहण, निबंध, पत्र ही सगळी वाक्यं पोराला स्वतः रचावी लागतात. एकसारखी उत्तरं तपासून डोळे जड झालेल्या परीक्षकाला एखादा सराटा दिसला तर तो जागा होईल, एवढं मी स्वतः पेपर तपासलेली बाई म्हणून सांगू शकते. निकाल बिघडणार नाही. पण मुख्याध्यापकांशी वाद घालू नका, दिवाळीपर्यंतची मुदत मागून घ्या.

आता तुमचा वऱ्हाडीचा प्रश्न. वरची कविताच घ्या. माझ्या वर्गात एकानं हात वर करून सांगितलं, ‘मॅडम, पुस्तकात चुकलं. मिळते पाह्यजे, मियते छापलं.’ त्यावर मागून आवाज आला, ‘माही आजी मियतेच म्हणते.’ बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, बोली त्यांच्या भागातली. पण ‘ळ’चा ‘य’ करायची खोड आपल्या वऱ्हाडीतही तीच: डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, शाळेची शाया. पोरांना पहिल्यांदा कळलं की जे बोललं म्हणून मास्तर हटकतात तेच छापून येऊ शकतं आणि त्याची कविता होऊ शकते. मग मी त्यांना सांगितलं की या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, चुलीशी, शेतात त्या म्हणायच्या आणि घरातली लिहिती माणसं, त्यांचा मुलगा सोपानदेव, ते वहीत उतरवून घ्यायचे. १९५१ साली त्या गेल्या आणि कविता पुस्तक होऊन आल्या त्या १९५२ साली. म्हणजे त्याही आधी कोणाच्या तरी वहीतच होत्या.

म्हणून सुतळीवर बोली चालू द्या, आणि लाल पेन तिथे नेऊच नका. परीक्षेत प्रमाण मराठी लागते हे पोरांना ठाऊक असतं, ती इतकी भोळी नसतात. बोलीतलं वाक्य प्रमाण भाषेत न्यायचा सराव तासाला फळ्यावर घ्या, आणि नेताना काय गळलं ते त्यांनाच विचारा. ‘काऊन’चं ‘का’ केलं की त्यातलं भांडण गळतं, हे माझ्या पोरांनी मला सांगितलं. शुद्धलेखनाचं म्हणाल तर त्यातलं निम्मं काम वाचणारेच करतात. एकाच्या कागदाखाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘दुसरी ओळ कळली नाही, कोण गेला? बैल का बाप?’ त्यानं सगळा कागद काढून घरी नेला आणि कर्ता-क्रियापद नीट लावून आणला. हे वाक्य मी लाल पेननं दहा वेळा दुरुस्त केलं असतं तरी त्यानं वळून पाहिलं नसतं.

प्रश्न काय द्यायचा यावर मात्र तुम्हाला डोकं चालवावं लागेल, इथे कोणी मदत करत नाही. ज्याचं उत्तर गाईडात आहे तो प्रश्न टांगला की गाईडच टांगलं जातं. ‘कवितेतून कोणता संदेश मिळतो’ हा प्रश्न तर मी माझ्यापुरता बंदच केला. त्यापेक्षा, या कवितेतली एक ओळ काढून टाकायची झाली तर कोणती काढाल आणि काय बिघडेल? धड्यातला म्हातारा तुमच्या गावात राहिला असता तर लोक त्याला काय म्हणाले असते? कुठे लेखक खोटं बोलतोय असं वाटलं? शेवटचा प्रश्न पोरांना फार आवडतो, कारण पुस्तकातलं खोटं असू शकतं ही परवानगीच त्यांना कोणी दिलेली नसते.

सुरुवातीला चारच ओळी मागा. पान भरायला सांगितलं की पोरं समर्पक होतात. खाली लिहिणाऱ्यांना माझी एकच अट होती: ‘छान’, ‘मस्त’, ‘एक नंबर’ चालणार नाही. ज्याला उत्तर देताय त्याचा एक शब्द उचलून आधी लिहा, मग तुमचं म्हणणं. ‘तू सराटा म्हणते’, ‘तू खोटं म्हणतो’ असं. या एका अटीनं पोरं एकमेकांचं खरोखर वाचायला लागतात, कारण न वाचता शब्द उचलता येत नाही.

कोऱ्या वह्यांवर एक उपाय सांगते, गमतीचा आहे पण लागू पडतो. त्या २७ वह्यांतलं ते ‘समरपक’ वाक्यच एका कागदावर नाव न घालता लिहा आणि टांगा. वर काही लिहू नका. मी गाईडमधला पूर्ण उतारा असाच टांगला होता. पहिल्या दिवशी शांतता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी लिहिलं, ‘समर्पक म्हणजे काय?’ तिसऱ्या दिवशी, ‘पाठ आहे, माहीत नाही.’ मग ते पोट्टे स्टाफरूममध्ये विचारत आले, आणि आम्हा पाच शिक्षकांत धड अर्थ सांगता येईना म्हणून शब्दकोश काढावा लागला. नेमका, शोभेसा, जागच्या जागी बसणारा. तेव्हा एक पोरगी म्हणाली, ‘मंग तं हा शब्द इथं समर्पक नाही.’ 

एक आठवण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोकरीतली तीन वर्षं मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात काढली. दिवाळी झाली की तिकडे झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्रभर. सकाळी अर्धा वर्ग बाकावर डोकं टेकून झोपलेला. धड्यावर दोन वाक्यं न बोलणारी हीच पोरं मधल्या सुट्टीत भांडायची: खलनायक पहिल्या प्रवेशातच ओळखू आला, मग मजा काय राहिली? बहीण मेल्यावर लगेच गाणं का घातलं? याला समीक्षा म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तेव्हा मीही ते ओळखलं नाही. त्यांना मी झोपल्याबद्दल उभं केलं. तुमच्या गावात नाटक नसेल तर कीर्तन असेल, भजनी मंडळ असेल, ग्रामगीतेच्या ओवीवर बोलणारे म्हातारे असतील. पोरं तिथे बसलेली असतात आणि घरी येऊन नकलाही करतात. नववीचा पहिला कागद धड्यावरच असला पाहिजे असं कुठे आहे?

आता नावांचं. मुलींचं बरोबर आहे, त्यांचं ऐका. आपल्या गावांत मुलीनं ‘प्रेम’ हा शब्द कवितेच्या संदर्भात लिहिला तरी संध्याकाळपर्यंत ओट्यावर चर्चा होते. टोपणनावं घेऊ द्या. मराठीत ती जुनी रीत आहे. नागपूरचे माणिक गोडघाटे आपल्याला ‘ग्रेस’ म्हणूनच माहीत आहेत ना? माझ्या वर्गात ‘सराटा’, ‘चिच’, ‘बारकी पाटी’ आणि एक ‘मुख्यमंत्री’ होता. कोणाचं नाव काय याची यादी फक्त तुमच्याजवळ ठेवा. टोपणनावाआडून कोणी कोणाच्या रंगावर, जातीवर, घरावर लिहिलं तर तो कागद त्याच मिनिटाला उतरवायचा आणि त्या पोराशी एकट्यानं बोलायचं, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

आणि जिथे माझं चुकलं ते सांगते, तुम्ही चुकू नका. एका धड्यात बाप कर्ज काढतो असा प्रसंग होता. एका मुलानं फार चांगला कागद लिहिला. धड्यातला बाप घरी आल्यावर आधी पाणी मागतो, त्यावरून त्याला त्याचा बाप आठवला होता. कृषी केंद्रातली उधारी, पेरणी उलटल्यावर दुबार पेरणीसाठी पुन्हा तिथंच जाणं, दुकानदार काय बोलला ते. मी वाचला, डोळे भरून आले, आणि कौतुकाच्या भरात टांगला. टोपणनाव होतं. पण गावात उधारी कोणाची हे गावाला ठाऊक असतं. १५ ऑगस्टला झेंडावंदनाला सगळं गाव शाळेत आलं, लोकांनी व्हरांड्यात उभं राहून वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. ओरडले नाहीत. म्हणाले, ‘मॅडम, पोरानं लिहिलं ते खरं आहे. पण ते भिंतीवर लावायचं होतं का?’ मला उत्तर देता आलं नाही. आठ दिवस तो मुलगा शाळेत आला नाही.

त्यानंतर मी प्रत्येक कागद टांगण्याआधी वाचत होते. घरातलं काही असलं की पोराला बाजूला घेऊन विचारायचे, हे टांगायचं का फक्त मी वाचू? बहुतेक जण म्हणायचे, तुम्ही वाचा. मग त्याला मीच उत्तर लिहायचे, त्याच्याच वहीत, निळ्या पेननं. आपल्या भागात पोरं काय काय घेऊन शाळेत येतात हे तुम्हाला सांगायला नको. एखाद्या कागदातून घरात काही वाईट घडतंय किंवा लेकराच्या मनात काही भलतं चाललंय अशी शंका आली, तर ते रसग्रहणाचं प्रकरण राहत नाही. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा आणि घर गाठा. आणि सुतळीवरच्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकायला साफ बंदी. शिक्षकांनासुद्धा.

वेळेचं गणित फार मोठं नाही. पंधरवड्यातून एक शनिवार पुरतो, बाकी पोरं आपल्या वेळेत लिहितात. गुण देऊ नका, दिलेत तर समरपक परत येईल. तुम्ही स्वतः मात्र लिहा, टोपणनावानं, आणि तुम्हाला खरंच न कळलेलं लिहा. माझं अक्षर पोरांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं आणि खाली लिहिलं, ‘मॅडम, तुमाले पण कळलं नाही?’ त्या दिवशी आठ नवे कागद लागले.

एक हंगामाचं. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पोळ्यापर्यंत घडी बसत नाही. पोळा झाला की सुरू करा. दिवाळीनंतर कापूस वेचणी लागते आणि निम्मी पोरं, मुली तर जास्तच, सकाळी शेतात असतात. त्या दिवसांत नवा प्रश्न टांगू नका, जुनेच कागद राहू द्या. वेचणीवरून आठवड्यानं परत आलेली पोरगी आधी सुतळीशी जाऊन उभी राहते, आपल्या कागदाखाली कोणी काही लिहिलंय का ते बघते. लिहिलेलं नसलं तर तुम्ही लिहून ठेवा.

सुतळी घरी असेल. चिमटे आठवडी बाजारात मिळतात, लाकडी घ्या, प्लास्टिकचे उन्हानं तडकतात. ३८ पोरं आहेत म्हणून चार डझन पुरतील असं तुम्हाला वाटेल. पाच घ्या. एक डझन तर पहिल्याच आठवड्यात पोट्टे एकमेकांच्या कानाला लावून हरवतात.

तुमची
ताई